पापण्या मोजणारे काका

माझ्या मोठ्या काकांचं गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि गेली चार-पाच वर्षं त्यांचं ठाम मत आहे की आपल्याकडचे एक फार मोठे नेते माणूस नाहीत. वाईट माणूस आहेत असं त्यांना म्हणायचं नसतं. माणूसच नाहीत, यंत्र आहेत. मूळचा माणूस कधीतरी गुपचूप बाजूला केला गेला आणि त्याच्या जागी हुबेहूब तसं दिसणारं यंत्र आणून उभं केलं, असं ते सांगतात. नेते कोणते ते मी लिहिणार नाही. काकांनाही ते आवडायचं नाही, कारण दर निवडणुकीत त्यांनी मत त्या नेत्यांनाच दिलं आहे.

“हौ सेठ, तो वोट किसकू दिए तुम? चार्जर कू?” असं चाचांनी एकदा विचारलं होतं. चाचा म्हणजे काकांच्या दुकानाला रेशमी नक्षीच्या हिमरू शाली विणून देणारे कारागीर. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी ते माल घेऊन येतात, आणि माल देऊन झाला तरी चहाच्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय उठत नाहीत.

“हसा,” काका म्हणाले. “माणूस चांगला होता म्हणून मत दिलं. आता तो राहिलाच नाय तर माझा काय दोष?”

काकांकडे पुरावे असतात. कुठून कुठून आलेले व्हिडिओ. भाषण करणाऱ्या नेत्याच्या डोळ्याभोवती लाल गोल आणि कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ. एकोणीस सेकंद पापणी लवली नाही. हात दर वेळी तेवढाच वर जातो. कधी शिंक नाही, ठसका नाही, बोलताना शब्द आठवेना असं नाही. आलेला प्रत्येक व्हिडिओ काका स्वतः पुन्हा मोजून बघतात, ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन म्हणत, आणि मगच व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतात. न मोजता पुढं पाठवणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग येतो.

हे कुठून आलं ते मला माहीत आहे, कारण मी त्या दुकानातच वाढले. आई-बाबा दोघंही नोकरीला. शाळा सुटली की काका मला स्कूटरवरून दुकानात आणायचे आणि मी गादीच्या कोपऱ्यात कापडाच्या थानांच्या ढिगाला टेकून होमवर्क करायचे. गिऱ्हाईक आलं की काका शाल उघडायचे आणि लगेच उलटी करायचे. “पुढून समद्याच चांगल्या दिसतात, मागून बघा.” हातमागावरच्या हिमरूच्या मागच्या बाजूला रेशमाचे सुटे धागे असतात, कुठे लांब, कुठे आखूड, अंगठी घातलेलं बोट फिरवलं तर अडकेल असे. यंत्रावरची नक्कल मागूनही साफसूफ असते. गिऱ्हाइकाचं बोट धरून काका ते धागे दाखवायचे. मलाही दाखवले. सात-आठ वर्षांची असताना मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, कुठली शाल हातमागाची ते सांगू शकत होते, आणि काका मला ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना करून दाखवायला लावायचे. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी अनोळखी लोकांसमोर उभी राहायचे.

पुढं काकांनी शालीचा नियम माणसांना लावला, एवढंच झालं. ज्याचा सुटा धागा दिसत नाही तो हातमागाचा नाही. असलं काही डोक्यात यायला चाळीस वर्षं कापडच विकावं लागतं. यात चूक कुठे आहे ते मला दिसत होतं, पण मी बोलले नाही. मी फारसं कुणाशीच बोलत नाही. घरात विचारलेल्याचं उत्तर देते आणि बाहेर तेवढंही टाळते.

म्हणून मी बातम्या वाचायला लागले याचं सगळ्यांना नवल वाटलं. पडेगावच्या रस्त्याला एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं छोटंसं चॅनल चालतं, शहरापुरतं, मोबाइलवर दिसणारं. मी तिथं इंग्रजीतून आलेली पत्रकं मराठीत सांगायला लागले होते. मी सांगायचे आणि दुसरं कुणी लिहून घ्यायचं. बातम्या वाचणारी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा सरांनी मला दोन दिवसांपुरतं खुर्चीत बसवलं. सर म्हणजे चॅनलचे मालक, कॅमेराही तेच चालवतात. मी बसले, समोर एक काळी गोल काच होती, आणि मला कळलं की समोर माणसाचा चेहरा नसेल तर मला बोलता येतं. मध्ये कुणी तोडत नाही. कुणी “मोठ्यानं बोल की” म्हणत नाही. संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटं मी बोलायचे आणि लोक ऐकायचे, विशेषतः शेवटचा भाग, कोणत्या भागात कोणत्या दिवशी किती वाजता नळाला पाणी येणार तो. त्यावर लोक सुट्टी टाकतात, पाहुण्यांना या किंवा येऊ नका सांगतात. दोन दिवसांचे आठ महिने झाले. ती खुर्ची मला किती आवडते हे मी घरी कुणालाही सांगितलं नव्हतं. आवडतं म्हणून सांगितलेली गोष्ट हातातून जाते अशी मला लहानपणापासून भीती आहे.

अडचण वाचनाची होती. माझी शाळा इंग्रजी. घरात मराठीच बोलतो, पण देवनागरी वाचायला लागले की मी ओल्या चपला घालून चालल्यासारखी चालते. म्हणून मी बातम्या इंग्रजी अक्षरांत टाइप करून घ्यायचे आणि त्या ओळी कॅमेऱ्यापुढच्या काचेवर सरकायच्या. पहिल्या दिवशी सरावात पापणी लवली की ओळ सुटायची. मग मी एक युक्ती काढली. टाइप करतानाच मध्ये तिरक्या रेघा घालायच्या. एक रेघ म्हणजे श्वास. दोन रेघा म्हणजे पापणी. दर अकरा शब्दांनी दोन रेघा. घरी आरशासमोर इतका सराव केला की पुढं पुढं रेघ दिसायच्या आधीच पापणी मिटायची. आठ महिन्यांत मी एकदाही अडखळले नाही. याचा मला फार अभिमान होता.

मग तो व्हिडिओ आला.

कुणी केला ते अजून माहीत नाही. माझ्या डोळ्याभोवती लाल गोल होता. खाली शब्द मोजणारा आकडा पळत होता आणि दर अकराला टिंग असा आवाज. मागून एक माणूस सांगत होता, “बघा मित्रांनो, आठ महिन्यांत एक चूक नाही. ही मुलगी अस्तित्वातच नाही. आपल्या शहराला मशीन पाण्याची वेळ सांगतंय.” दोन दिवसांत तो सगळीकडे पोचला. मी प्रतिक्रिया वाचल्या. वाचू नयेत हे माहीत असून एकेक वाचल्या. “हिला चार्जिंगला कुठं लावतात?” हे वाचून मला हसूही आलं. पण एकीनं लिहिलं होतं, “आमच्याच गल्लीत राहते. कुणाशी बोलत नाही, बघून हसत नाही. असू शकते.” त्यावर मी मोबाइल उपडा ठेवला.

मंगळवारी सरांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. ते रागावले नव्हते, त्यामुळे जास्त अवघड गेलं.

“मॅडम, फोनवर फोन येताहेत. पाण्याची वेळ खरी आहे का म्हणून विचारतात. आपलं दुकान विश्वासावर चालतं.”

“मी सांगू का, मी खरी आहे म्हणून?”

“यंत्र काय वेगळं सांगणार?” सर म्हणाले. “शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर दुसरं कुणीतरी वाचेल, तुम्ही आत बसून पहिल्यासारखी पत्रकं मराठीत सांगा. तुम्हाला तसंही माणसांत यायला आवडत नाही ना?”

आवडत नाही हे खरं होतं. खुर्ची जाऊ नये हेही खरं होतं. मला दोन्ही एका वाक्यात सांगता आलं नाही, म्हणून मी मान हलवली आणि बाहेर आले.

त्या दुपारी मी दुकानात गेले. का गेले ते सांगता येणार नाही. लहानपणी शाळा सुटल्यावर पाय आपोआप जायचे तसं झालं. काका गादीवर बसले होते, चष्मा कपाळावर, मोबाइल डोळ्यांजवळ. चाचा समोर. मोबाइलमधून टिंग आवाज आला आणि मी उंबऱ्यातच थांबले.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. “मोजलं मी,” ते म्हणाले. “चार वेळा. अकरा म्हणजे अकरा. एकदा बी चुकत नाय.”

“सेठ,” चाचा म्हणाले, “ये बच्ची इसीच गादी पो मूती है. मशीन मूतती क्या?”

मला तोंड कुठे लपवावं कळेना.

“ते कळतंय वो मला, चाचा,” काका म्हणाले. “माझ्याच धोतरावर. पण मोजलेलं बी खोटं नाय.” मग त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला, चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “काय झालंय तुला, माय? असं काऊन करती तू तिथं?”

दोन दिवसांत मला बऱ्याच लोकांनी बरंच काही विचारलं होतं. आईनं विचारलं, आता लोक काय म्हणतील. मैत्रिणीनं विचारलं, केस करणार का. तू असं का करतेस, हे कुणी विचारलं नव्हतं. मी पर्समधून त्या दिवशीच्या बातम्यांचा कागद काढला आणि काकांपुढं ठेवला. काकांना इंग्रजी अक्षरं जेमतेम लागतात. त्यांनी बोट रेघेवर ठेवलं.

“हे काय?”

“श्वास.”

“आन् ह्या दोन?”

“पापणी.”

काकांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यावरून त्यांनी हात फिरवला, सवयीनं. चाचांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

“भीती वाटती?” काकांनी विचारलं.

“हो.”

“कशाची?”

“चुकायची.”

“आन् मी ग्रुपवर टाकत बसलो, पापण्या मोजा, पापण्या मोजा,” काका स्वतःशीच म्हणाले. “शहराला खोड मीच लावली.” हे पूर्ण खरं नव्हतं, त्यांचा ग्रुप तेवढा मोठा नाही. पण ते थोडंसं खरं होतं, आणि मी ‘तसं नाही’ असं म्हणाले नाही. मला त्यांच्यावर तेवढा राग होता.

मग काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला, म्हणजे विषय संपला. “उद्यापासून दोन वाजता इथं यायचं. मराठी पेपर वाचून दाखवायचा. मोठ्यानं. आम्हा दोघांना.”

“मेरेकू मराठी पढना नै आता,” चाचा म्हणाले, “सुनना आता. बीस साल से सेठ अद्धीच खबर सुनाते मेरेकू. बाकी अद्धी खुद रख लेते.”

असे बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. मी सातच्या बातम्या रेघांवरच वाचत होते, आणि दुपारी दोनला गादीवर बसून पेपर. पहिल्या दिवशी एका बातमीला पंधरा मिनिटं लागली. चाचा मध्येच विचारायचे, “कौन बोला ऐसा?” आणि मला मान वर करून त्यांना सांगावं लागायचं, आणि खाली बघेपर्यंत ओळ गेलेली असायची. तेवढ्यात गिऱ्हाईक यायचं. एक बाई परकराचं कापड बघत होत्या, त्यांनी कापड हातात धरूनच मला दटावलं, “अगं, जरा मोठ्यानं वाच की! पाण्याचं काय म्हणतंय?” त्यांना मी ओळखू आले नाही. मोबाइलवर मी वेगळी दिसते, किंवा मोबाइलवरच्या मुलीला इतक्या वेळा चुकताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

ओळ सुटली की मी गप्प व्हायचे.

“सुटली?” काका विचारायचे.

“हो.”

“मग म्हण की, सुटली. गिऱ्हाइकासमोर थान हातातून पडतं, तर आपण काय दुकान बंद करतो का? उचलायचं, झटकायचं, पुन्हा उघडायचं.”

गुरुवारी मी पहिल्यांदा “थांबा, ओळ सुटली,” असं मोठ्यानं म्हणाले. काही झालं नाही. चाचा थांबले. त्यांनी चहा घेतला. मला ओळ सापडली, मी पुढं वाचलं. हे इतकं सोपं असतं हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. शुक्रवारी निघताना बघितलं तर काकांनी तिन्ही दिवस दोन ते तीन या वेळात दुसऱ्या कुणाशी मालाचं बोलणं केलंच नव्हतं. दुकानासमोर दोन व्यापारी ताटकळत उभे होते आणि काका त्यांना हातानं ‘थांबा’ करत होते. मला वाचनात ते दिसलं नव्हतं.

शनिवारी मी बातम्या कागदावर घेतल्या. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, रेघांशिवाय. सर म्हणाले, “काचेवर राहू द्या ना मॅडम, आजच कशाला?” मी म्हणाले, “आजच.” मी सरांशी इतकं छोटं आणि ठाम कधी बोलले नव्हते. काका सोबत आले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. सरांनी त्यांना कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसवलं आणि मोबाइल बंद करायला लावला.

सुरुवात बरी झाली. मी हळू वाचत होते, पण वाचत होते. पापणीचं काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ती आपली आपण मिटत असावी. शेवटी पाण्याची पाळी आली आणि घाईत माझ्या हातून दोन पानं एकदम उलटली. पडेगाव म्हणाले आणि वेळ वाचायला लागले ती वेळ भलत्याच भागाची. अर्ध्या शब्दावर माझ्या लक्षात आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी गप्प झाले. कॅमेऱ्यामागून सर हात गोल फिरवून पुढं चला, पुढं चला म्हणत होते. पडेगावात लोक सकाळी उठून चुकीच्या वेळी भांडी लावतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

“थांबा,” मी म्हणाले. “चुकलं माझं. पान सुटलं. सापडू द्या.”

मी कागद चाळत होते. खोलीत पंख्याचा आवाज. आणि त्या शांततेत, दुकानात चाचांना हाक मारतात त्या आवाजात, काका म्हणाले, “चिकटलंय ते, माय! बोट ओलं कर!”

ते सगळ्या शहरानं ऐकलं. मी बोट ओलं केलं. पान सुटलं. मला हसू आवरेना, आणि कॅमेरा चालू आहे हे माहीत असून मी हसले, तोंडावर हात न ठेवता. “हा आवाज माझ्या काकांचा,” मी म्हणाले. “माफ करा. पडेगावची वेळ पुन्हा सांगते.” मग मी ती वेळ दोनदा वाचली, सावकाश.

बातम्या संपल्यावर सरांनी मोबाइल बघितला आणि तो माझ्या हातात दिला. “काका ओरिजिनल आहेत,” असं एकानं लिहिलं होतं. “वेळ दोनदा सांगितली ते बरं केलं ताई.” आणि एकानं लगेच लिहिलं होतं, “बघा, आता अडखळायला बी शिकवलं मशीनला.” असे लोक राहणारच. त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नाही.

“सोमवारी सात वाजता,” सर म्हणाले. “खुर्ची तुमचीच. पण काकांना आणू नका.”

स्कूटरवर मी काकांच्या मागं बसले. लहानपणी बसायचे तशी, एका हातात त्यांचा शर्ट धरून. मला आभार मानायचे होते. पण आमच्या घरात काकांना थँक्यू म्हणणं म्हणजे त्यांना परकं करणं, आणि मराठीत ते कसं म्हणायचं ते मला येत नाही. आठ महिने शहर मला बघत होतं. पापण्या मोजणारेही निघाले. त्या तशा का पडतात हे विचारणारे काका एकटे, आणि मोजण्याचं वेड नसतं तर त्यांनाही ते दिसलं नसतं. ज्या खुळावर घरातले सगळे हसत होतो, त्याच खुळानं त्यांनी मला चार वेळा नीट बघितलं. स्कूटरवर हे काही बोलले नाही. म्हणून इथं लिहितेय. आता देवनागरीत लिहिते, हळू.

काकांचं मत बदललं का, असं मला बरेच जण विचारतात. बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात मी दोन वाजता दुकानात गेले, कारण चाचांना आता पूर्ण बातमीची सवय लागली आहे, तेव्हा काका त्याच नेत्यांचा एक नवीन व्हिडिओ बघत होते. लाल गोल, घड्याळ. ओठ हलत होते. एकोणीस, वीस, एकवीस. मग त्यांनी अंगठा पुढं पाठवायच्या बाणावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

“काय झालं सेठ?” चाचांनी विचारलं. “गिनती भूल गए?”

“नाय,” काका म्हणाले. “एकवीस हाय. पण ह्याच्या कागदावर बी कुणी रेघा मारून देत आसंल.” त्यांनी मोबाइल गादीखाली सरकवला. “एवढं मोठं माणूस. चुकलं तर किती जण बघतेत. त्याला कोण म्हणणार, बोट ओलं कर म्हणून?”

“तो बुला लो उसकू भी,” चाचा म्हणाले. “दो बजे.”

“आला तर आला. चहा पाजू,” काका म्हणाले, आणि माझ्यापुढं पेपर टाकला. “वाच, माय. पयल्या पानापासून.”